मराठवाड्यात वंशावळ शोधताना : अभिलेख कक्ष, लिपीवाचक, उपाध्यांची वही आणि तयार ‘पॅकेज’, कोण किती कामाचं

मराठवाड्यातल्या घराण्याचा माग काढणाऱ्याला पुण्या-साताऱ्याकडची पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला. दरबारचा कारभार आधी फारसीत आणि मग उर्दूत चालायचा. गावचा पटवारी मोडीत लिहायचा आणि कागदावर सन घालायचा तो फसली, म्हणजे महसुली कामकाजाचा, इसवीहून वेगळा. त्यामुळे पणजोबांच्या पलीकडे जायचं तर एकट्याने भागत नाही, कुणाची ना कुणाची सेवा घ्यावी लागते. आज अशा सेवा बऱ्याच आहेत: सरकारी, पिढीजात आणि बाजारातल्याही. त्यांचा हा परखड आढावा. मत आधीच सांगतो. पैसा खर्च करायचा तर चांगल्या लिपीवाचकावर करा, वेळ द्यायचा तर तहसीलच्या अभिलेख कक्षाला द्या, आणि या दोन्हींच्या आधी भावकीत बसून विचारपूस करा. ती केली नसेल तर बाकीच्या सेवांकडून निम्मंही काम होत नाही.

विचारपूस

‘आपली वंशावळ सांगा’ असा थेट प्रश्न बहुतेक वेळा वाया जातो. समोरच्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात पहिली शंका जमिनीची येते: ‘वाटणी उकरायला आलाय का?’ म्हणून दोन्ही घरांना माहीत असलेला एक वडीलधारा सोबत घ्या. आपल्याकडे जमलेली अर्धीमुर्धी वंशावळ कागदावर काढून समोर ठेवा आणि चूक दुरुस्त करायला सांगा. कोऱ्या कागदापुढे माणूस अडखळतो, चुकलेलं नाव दिसलं की लगेच बोलू लागतो.

प्रश्न नात्यातल्या व्यवहाराचे विचारावेत. ‘तुम्ही कोणाकोणाचं दहा दिवसांचं सुतक धरता?’ या एका प्रश्नातून भावकीची हद्द कळते, आडनावावरून ती कळत नाही. ‘देवाचे मूळ टाक कोणाच्या घरी आहेत?’ याच्या उत्तरातून बहुधा थोरली पाती, म्हणजे कुळाची शाखा सापडते. ‘पोळ्याला मान कोणत्या घराच्या बैलाचा?’ हे विचारलं की गावातली जुनी पाटीलकी आणि तिचे वाटेकरी बाहेर येतात. बाईच्या माहेरची बाजू लावायची असेल तर ‘आजीला पंचमी-दिवाळीला न्यायला मुराळी कोण यायचा?’ असं विचारा, भावाचं नाव आणि गाव दोन्ही मिळतात. शेतांची नावंही लिहून घ्या: लिंबाचं, पांढरीचं, मळईचं. पुढे जुन्या उताऱ्यात चतुःसीमा वाचताना ती उपयोगी पडतात.

सन विचारू नका, प्रसंग विचारा. जन्म मानमोडीच्या आधीचा की नंतरचा (म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ), लग्न रझाकारांच्या धामधुमीआधी की पोलीस अ‍ॅक्शननंतर, वाटणी बहात्तरच्या दुष्काळात की पुढे. लातूर-धाराशिवच्या सीमेवर ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप हीच मोठी खूण आहे. तिथल्या कित्येक गावांनी जागा बदलल्या, तेव्हा ‘जुन्या गावात घर कुठे होतं, शेजार कोणाचा होता’ हे वेगळं विचारावं लागतं. पैठणच्या नाथसागरात बुडालेल्या गावांचंही तसंच. ती माणसं वेगवेगळ्या तालुक्यांत पांगली, म्हणून आजच्या पत्त्यावरून शोध घेतला तर भावकीची अर्धी पाती सुटते.

माहितगार म्हणजे फक्त पुरुष, ही समजूत सोडा. सून म्हणून आलेल्या सत्तरी-ऐंशीतल्या बायका शेजारच्या चार घरांची नाती बिनचूक सांगतात, कारण लग्नाच्या मांडवात कोणाला मान द्यायचा हे त्यांनाच पाहावं लागलं. वारीक (न्हावी), गुरव आणि जुना कोतवाल यांची घरंही विसरू नका. जुन्या लग्नपत्रिका मागून घ्या. त्यात ‘कै.’ लावलेली नावं, काका-मामांची यादी आणि प्रत्येकाचं गाव एकाच जागी असतं.

प्रत्येक माणसाची एक वेगळी नोंद ठेवा: नाव, टोपणनाव, बापाचं नाव, आईचं माहेर, भावंडांत कितवा, गाव-तालुका, आणि ही माहिती कोणी कधी सांगितली. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. दोघांनी सांगितलेलं वेगळं निघालं तर मधलं काही लिहू नका, दोन्ही लिहा.

गोंधळ ठरलेल्या जागी होतो. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे गणपत–मारुती–गणपत–मारुती अशी साखळी तयार होते आणि दोन पिढ्या एक समजल्या जातात. दोन नोंदींत वीस-पंचवीस वर्षांहून कमी अंतर असेल तर ते बाप-लेक नसून चुलते-पुतणे असण्याची शक्यता तपासा. दत्तक गेलेल्याचं नाव एकाएकी दुसऱ्या बापापुढे लागतं. पाट लावून आलेल्या बाईची पहिल्या घरची मुलं, घरजावई राहिलेला माणूस, या गोष्टी चारचौघांत विचारू नयेत. कळल्या तरी घरच्यांच्या संमतीशिवाय छापू नयेत.

तहसीलचा अभिलेख कक्ष

सर्व सेवांत खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त देणारी हीच. फक्त काय मागायचं ते माहीत पाहिजे. ‘माझ्या पूर्वजांच्या नोंदी मिळाव्यात’ असा अर्ज केला की ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर येतं, आणि ते नियमाला धरूनच असतं. अर्जात गाव, तालुका, सर्व्हे नंबर, वर्ष आणि अभिलेखाचं नाव, या पाचही गोष्टी हव्यात.

क्रम उलटा धरा, आजपासून मागे. भूलेखच्या संकेतस्थळावर आजचा सातबारा फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. त्यावर नावांच्या बाजूला फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) क्रमांक असतात, ते सगळे उतरवून घ्या. मग एकेक फेरफार काढा. वारसाचा फेर मिळाला तर मोठं काम झालं, कारण मयत कधी झाला, मागे कोण, कोणाचं नातं काय, हे त्यात एका जागी लिहिलेलं असतं. गाव नमुना ६-क ही वारसांची नोंदवही वेगळी मागा. जुन्या वारस नोंदीत मुली बहुधा गाळलेल्या असतात, म्हणून कागदात मुलगी नाही म्हणजे मुलगी नव्हती असं धरू नका.

गट नंबर हा पहिला अडथळा. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट झाले, आणि जुने कागद सर्व्हे नंबरावरच आहेत. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला ते भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरण योजनेच्या पत्रकात सापडतं. ही पायरी गाळली की माणूस भलत्याच्याच शेताचा इतिहास काढत बसतो.

यानंतर मागायचं ते खासरा पाहणी पत्रक, १९५४-५५ चं. मराठवाड्यासाठी हा पायाचा कागद आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती. इथे ती हैदराबादच्या १३५८ फसलीच्या कायद्याने आली, म्हणजे १९४८-४९ ला. त्यामुळे १९२० चा फेरफार इथे शोधत बसू नका. खासऱ्यात खातेदार, त्याच्या बापाचं नाव, प्रत्यक्ष कसणारा, क्षेत्र आणि पीक असतं. आडनाव पुष्कळदा नसतं. शेजारच्या दहा सर्व्हे नंबरांची पानंही पाहा. भाऊवाटण्या शेजारीशेजारीच झालेल्या असतात आणि एकाच बापाचं नाव तीन ठिकाणी दिसलं की भाऊ सापडतात.

त्याच्याही मागे शेतवार पत्रक, म्हणजे जुन्या मोजणीच्या वेळचं सर्व्हे नंबरवार पत्रक, ज्याला बोलण्यात सेतवार म्हणतात. इनामदार, देशमुख-देशपांडे, देवस्थानचे पुजारी, दर्ग्याचे मुजावर अशा घरांना मुंतखब हा कागद फार मोलाचा. इनाम कोणाला, कोणत्या कामाबद्दल आणि पुढे कोणाकडे गेलं हे त्यात येतं. वारसाचा वाद झालेला असेल तर प्रकरणात शजरा, म्हणजे वंशवृक्ष जोडलेला सापडू शकतो. भूमिहीन घरांना यातलं काही लागू पडत नाही. त्यांनी शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंद आणि १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर इथून सुरुवात करावी. शाळेच्या रजिस्टरमधल्या जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. १ जून आणि १ जुलै या तारखा गुरुजींनी अंदाजाने घातलेल्या असतात. बापाचं नाव आणि मूळ गाव खरं धरता येतं.

कोणत्या कार्यालयात जायचं, इथे पुष्कळांची फसगत होते. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. त्याआधीचे काही कागद जुन्या मातृजिल्ह्यात राहिलेले असू शकतात. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादेत. इथल्या माणसाने फक्त लातूर-नांदेडला विचारून थांबू नये. संस्थानच्या वरच्या पातळीवरचे दस्त हैदराबादेत, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत, पण तिथे सामान्य शेतकरी कुटुंबाचं नाव सहसा मिळत नाही. वतनदार, जागीर किंवा मोठा खटला असेल तरच तो प्रवास करावा.

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनं दप्तर उघडलं गेलं आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. वंशावळ शोधणाऱ्याला त्याचा फायदा आहे, पण ती शोधमोहीम ‘कुणबी’ या नोंदीपुरती होती. त्या यादीत आपलं गाव नाही म्हणजे गावचं दप्तरच नाही, असा अर्थ होत नाही. सरकारचं ‘आपले अभिलेख’ हे संकेतस्थळही जरूर तपासा, मात्र स्कॅनिंग तालुक्या-तालुक्यात कमीजास्त आहे. तलाठ्याच्या सज्जावर उरलेली जुनी बुकं तिथे दिसत नाहीत.

नक्कल अर्जाला उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, मजकूर १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. प्रत मागण्याआधी अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. पाहणीत जे सापडतं ते कारकुनाच्या शोधात सापडत नाही, कारण चुलत्याचं टोपणनाव त्याला माहीत नसतं.

लिपीवाचक

बाजारात ‘मोडी वाचून मिळेल’ म्हणणारे पुष्कळ आहेत. मराठवाड्यासाठी एवढ्यावर भागत नाही. एकाच बस्त्यात मोडी, उर्दू आणि देवनागरी पानं एकामागोमाग येतात. चांगलं उर्दू येणारा माणूसही शिकस्ता (घाईचं, जोडून लिहिलेलं) वळणाचं हस्ताक्षर आणि रकमी आकडे (अंकांऐवजी खुणांनी लिहिलेल्या रकमा) वाचू शकेलच असं नाही. म्हणून पूर्ण काम द्यायच्या आधी एक पान नमुन्याला द्या, आणि तेही ज्याचा मजकूर तुम्हाला आधीच थोडाफार माहीत आहे असं.

लिप्यंतर वेगळं आणि अर्थ वेगळा मागा. ओळीला ओळ, ओळ क्रमांकासह. जिथे अक्षर लागत नाही तिथे प्रश्नचिन्ह घातलेलं असावं. पानभर एकही प्रश्नचिन्ह नसेल तर त्या वाचनावर विश्वास ठेवू नका. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद राहत नाही, त्यामुळे नावं चुकतातच. इथेच विचारपुशीतून जमवलेली भावकीची आणि शिवारातल्या शेतांची नावं वाचकाला आधी देऊन ठेवली तर अडलेलं अक्षर सुटतं. पण उलटंही घडतं. हवं ते नाव दिसावं म्हणून वाचक ओढून-ताणून तेच वाचतो. म्हणून महत्त्वाची दोन-तीन पानं दुसऱ्या वाचकाकडून, त्याला काहीही न सांगता, वाचून घ्या.

‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. सातबाऱ्यावर दिसणारं ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हा थोरला भाऊ असेल, चुलता असेल, बापच असेल असं नाही. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, आणि तिथे आईचं नाव लागलेलं असलं तर ते हातचं सोडू नका, कारण जमिनीच्या कागदात बाईचं नाव फार थोड्या जागी येतं.

निजामी फसली सन इसवीत आणताना विसाव्या शतकातल्या कागदांना हे लागू पडतं: वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आझुर महिन्याने सुरू होतं. आझुर आणि दै या महिन्यांना ५९० मिळवा, इस्फंदारपासून पुढे ५९१. बहमन डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतो, तिथे तारीख बघूनच ठरवा. पडताळ्याला सोपी खूण: आबान १३५७ म्हणजे सप्टेंबर १९४८, पोलीस अ‍ॅक्शनचा महिना.

फोटो काढून पाठवत असाल तर फ्लॅश नको. खिडकीचा बाजूचा उजेड घ्या, पान सपाट ठेवा, आणि पानाची चारही टोकं चौकटीत येऊ द्या. समासात लिहिलेला शेरा कापला जाणं हे नेहमीचं नुकसान आहे.

उपाध्ये, भाट, ढाडी

त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या (यात्रेला आलेल्या यजमानांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या) वह्या खोलीला सरकारी कागदाच्या पुढे जातात. पत्ता लावताना आडनावापेक्षा गाव आधी सांगा, कारण यजमान बहुधा गाव आणि आडनाव या दोन्हींवर वाटलेले असतात. आडनाव मागाहून घेतलेलं असेल तर आधीचं आडनावही सांगा. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव अशी गावं डझनांनी आहेत, म्हणून जुना तालुका सांगितल्याशिवाय वही उघडत नाही.

वहीत नोंद कोणाची, तर यात्रेला आलेल्याची आणि त्याने सांगितलेल्या भाऊ-मुलांची. जो कधी गेलाच नाही त्याची पाती तिथे नसते. सन पुष्कळदा शके आणि संवत्सरात. शकेत ७८ मिळवले की इसवी येतो (जानेवारीपासून पाडव्याआधीपर्यंत ७९), पण नुसतं संवत्सर असेल तर साठ वर्षांचा घोळ उरतो: विश्वावसू म्हणजे २०२५ मध्ये सुरू झालेलं, तसंच १९६५ चं आणि १९०५ चंही. दक्षिणा ठरलेली नसते. आधीच विचारून घ्या आणि फोटोची परवानगी मागा. नाही म्हणाले तर हाताने, आहे तशा शुद्धलेखनात उतरवून घ्या. परतताना आपली नोंद घालाल तेव्हा आई, बायको, मुली आणि त्यांची माहेर-सासरची गावं आग्रहाने लिहवा. जुन्या वह्यांतली सर्वांत मोठी उणीव तीच आहे.

बंजारा तांड्यांवर हे काम ढाडी करत आले. त्यांचं सगळं तोंडी असतं, म्हणून ध्वनिमुद्रण करा आणि त्यांचा मान-मोबदला पूर्ण द्या. कर्नाटकाच्या बाजूला हेळवी वंशावळ सांगत फिरतात. उमरगा-निलंग्याकडच्या घरांनी त्यांची चौकशी करावी. मुस्लिम घरांना काझीकडचे निकाहनामे आणि दर्ग्याशी संबंध असेल तर शजरा, लिंगायत घरांना आपला गुरुमठ हे मार्ग आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांत धर्माच्या आणि आडनावाच्या नोंदी दोन पिढ्यांत वेगवेगळ्या सापडतात. तिथे शाळेचं रजिस्टर हा दुवा जोडणारा कागद ठरतो.

तयार ‘पॅकेज’

आडनाव सांगा, आठवड्यात कुळाचा इतिहास, गोत्र, देवक आणि चिन्हासह चौकटीतला वंशवृक्ष मिळवा, अशा जाहिराती फिरतात. ते घेऊ नका. एकच आडनाव मराठवाड्यात वेगवेगळ्या जातींत आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या घरांत आहे, म्हणून आडनावावरून काढलेला इतिहास कोणाचाच नसतो. कुणी खरोखर शोध करून देतो म्हणत असेल तर एकच अट घाला: प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावरून किंवा कोणाच्या सांगण्यावरून घेतलं ते लिहिलेलं हवं, आणि कागदाची प्रत सोबत. ही अट मान्य करणाऱ्याला योग्य मोबदला जरूर द्या, काम कष्टाचं आहे.

वंशावळ मांडायला संगणकावरची फुकट साधनं पुरेशी आहेत. कुलसंमेलनासाठी छापणार असाल तर पक्कं सिद्ध झालेलं नाव ठळक, ऐकीव नाव साधं, आणि शंका असलेली जोड तुटक रेषेने दाखवा. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि गट नंबर छापू नका. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा आणि तिच्या शेवटी चार कोरी पानं सोडा, दुरुस्त्या पहिल्या महिन्यातच येऊ लागतात.